गारगोटीची वाट आणि पाठीवरचा लॅपटॉप

कोल्हापूरहून गारगोटी पन्नासएक किलोमीटर. एस.टी.ने दीड तास धरावा. उसाचा हंगाम असला तर दोन तास. कारण वाटेत बिद्रीचा साखर कारखाना आहे, आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे गाडी अडकली, की ती ड्रायव्हरच्या नव्हे, उसाच्या मर्जीने चालते. घाईच्या माणसाने या रस्त्याला लागूच नये. आपल्याला मात्र हा प्रवास अलीकडे स्वस्त झाला आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट पडतं. त्यामुळे माहेरी, लेकीकडे, नणंदेकडे न जायला निदान पैशाचं कारण आता सांगता येत नाही.

बिद्री मागे पडलं की मुदाळतिट्टा येतो. एक वाट निपाणीकडे, एक राधानगरीकडे आणि एक आपली, गारगोटीकडे. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाणारी मंडळी इथे उतरतात; अमावास्या असली, तर गाडी इथे जवळजवळ रिकामी होते आणि मग आपल्याला खिडकी मिळते. तिथून पुढचा रस्ता वेदगंगेच्या खोऱ्यातून. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भात आणि ऊस, मध्येच एखादी वीटभट्टी झाकून ठेवलेली, आणि लांबवर सह्याद्रीची निळी रांग. कूर, मडिलगे अशी गावं मागे टाकत गाडी गारगोटीच्या स्टँडात शिरते.

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचं मुख्य गाव. दिसायला चारचौघांसारखं : बाजारपेठ, कचेरी, बँका, कापडाची आणि भांड्यांची दुकानं. पण या कचेरीला इतिहास आहे. १३ डिसेंबर १९४२ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी इथल्या सरकारी कचेरीवर चाल केली आणि त्यात सात जण हुतात्मे झाले. गाव अजून दर वर्षी १३ डिसेंबरला त्यांची आठवण काढतं.

मला मात्र गारगोटीत सगळ्यांत पाहण्यासारखी गोष्ट वाटली ती स्टँडवरची सकाळ. नऊच्या सुमारास तिथे नुसतं उभं राहावं. कडगाव-पाटगावकडून, मुदाळकडून, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून गाड्या येतात, आणि त्यांतून मुलं-मुली उतरतच राहतात. एवढ्याशा गावाला एवढे विद्यार्थी कुठून, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर गावाच्या कडेला आहे. तिथे मौनी विद्यापीठाचा परिसर आहे.

पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव या संस्थेला दिलेलं. शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, असं सांगतात. संस्था सुरू झाली १९५२ साली. तिच्यामागे होते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक, शेजारच्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पुढे १९६४ ते १९६६ या काळात देशाचं शिक्षण कसं असावं हे ठरवणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्यांच्या पत्नी चित्राताई नाईक यांनीही सुरुवातीच्या वर्षांत गारगोटीत काम केलं. पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या, १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या मुलामुलींना शिकायला शहरात जावं लागू नये, शिक्षणानेच खेड्यात यावं, हा त्या दोघांचा विचार. पन्नाशीच्या दशकात देशभरात मोजक्याच ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निवडल्या गेल्या, त्यांत गारगोटीचीही होती. आज या परिसरात कला-विज्ञान-वाणिज्याचं कॉलेज आहे, शिक्षकांचं कॉलेज आहे, आणि इंजिनिअरिंगची पदविकाही आहे.

म्हणजे शिक्षण खेड्यात आलं. पण घरापासून कॉलेजपर्यंतचे दहा-पंधरा किलोमीटर मुलीला रोज एस.टी.ने यावंच लागतं. हे दहा-पंधरा किलोमीटर गेल्या जुलैत माझ्या फार उपयोगी पडले. आमच्या वन्सांकडे लॅपटॉप घ्यायचा होता, आणि कुठला घ्यायचा, यावरून घरात दोन तट पडले होते.

वन्सं कडगाव रस्त्यावरच्या एका गावात असतात. मुलगी सिव्हिलच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा थोरला, शेती बघतो आणि लग्नसराईत शूटिंगवाल्याबरोबर जातो. वन्सांनी दुधाच्या बिलातून थोडे-थोडे बाजूला टाकलेले, दिवाळीला डेअरीकडून मिळालेला फरक आणि भिशी लागली तिचे मिळून सत्तर हजार रुपये जमवले होते. हे पैसे मुलीच्या लॅपटॉपचे, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. त्यामुळे पैशावरून वाद नव्हता. वाद होता तो यंत्रावरून.

कोल्हापुरातल्या दुकानदाराने दोन लॅपटॉप दाखवले होते. एक पातळ : चौदा इंची पडदा, वजन एक किलो चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर, वहीसारखा. दुसरा मोठा : सोळा इंची पडदा, वेगळं ग्राफिक्स कार्ड, मोठा आवाज, आकड्यांच्या वेगळ्या बटणांसकट भरगच्च कीबोर्ड. दुकानदारांच्या भाषेत हा ‘मल्टिमीडिया’चा. वजन जवळजवळ अडीच किलो. किमतीत फरक पाच-सहा हजारांचाच, आणि ताणून-तुणून दोन्ही सत्तर हजारांत बसत होते. खरी पंचाईत तीच. एक परवडत नसता, तर प्रश्नच मिटला असता.

मैत्रिणींनो, या दोन जातींचं भांडण तसं जुनं आहे. पहिल्यांदा ‘उचलून नेता येण्याजोगा’ म्हणून जे संगणक गाजले, त्यांतला एक ऑस्बोर्न नावाचा. १९८१ साली अमेरिकेत निघाला. वजन अकरा किलो! आकार आपल्या हातशिलाई यंत्राच्या पेटीएवढा, पडदा पाच इंचांचा, आणि वीज नसली तर तो बंद. तरी लोकांनी कौतुकाने उचलून नेला. पुढे सत्तावीस वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी भर सभेत कागदी पाकिटातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखवला. वजन दीड किलोच्याही खाली. पण त्यासाठी त्यांनी त्यातला सीडीचा कप्पाच काढून टाकला होता. तेव्हापासून आजपर्यंत नियम एकच आहे : पातळ करायचं, तर काहीतरी काढावं लागतं, सगळं ठेवायचं, तर वजन वाढतं.

आता घरातल्या मंडळींचं म्हणणं ऐका.

वन्सांच्या यजमानांचा हिशेब बाजारातला. “पाच-सहा हजारांनी काय होतंय? पडदा मोठा, आवाज मोठा, मशीन दणकट. त्या पातळ्याला पैसं कशाचं मोजायचं, नसलेल्याचं?” आपल्याकडे वस्तू हातात घेऊन तिच्या वजनावरून किंमत करण्याची सवय आहेच. पितळेच्या पातेल्याला ती लागू पडते. पण लॅपटॉप पातळ आणि तरीही मजबूत करणं हेच जास्त खर्चाचं काम असतं, त्यामुळे इथे हिशेब उलटा बसतो.

भाच्याला मोठाच हवा होता, आणि त्याचं कारण खोटं नव्हतं. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग तो दुसऱ्याच्या दुकानात बसून करतो. घरी ग्राफिक्स कार्डाचं मशीन आलं, तर लग्नसराईत चार पैसे घरात येतील, असं त्याचं म्हणणं. “आन् ताईची ड्रॉइंगं बी त्याच्यावरच चांगली हुतील की. कार्ड सिव्हिललाबी लागतंय,” असंही तो म्हणाला. ते अगदीच खोटं म्हणता येत नाही.

भाची गप्प होती. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जाते, मी येते’ म्हणत नाहीत. ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. नवख्या माणसाला पहिल्यांदा ते ऐकून हसू येतं, मग त्यातला रुबाब आवडायला लागतो. तर ही एवढंच म्हणाली, “मामी, मला काय, कुठलाबी चालतोय. मी नेतो की.”

हे ‘मी नेतो की’ तपासून बघायचं मी ठरवलं. आपल्या घरात कुठलीही गोष्ट तपासायची, तर तराजू स्वयंपाकघरातच असतो. लॅपटॉपचं वजन सांगताना दुकानदार चार्जरचं वजन सांगत नाही. पातळ लॅपटॉपचा चार्जर पाव किलोच्या आसपास भरतो. ग्राफिक्स कार्डवाल्याचा विटेसारखा असतो, अर्धा किलो सहज. म्हणजे पाठीवर येणारं खरं वजन एकाचं साधारण एक किलो सहाशे, दुसऱ्याचं तीन किलो. वन्सांच्या घरात गूळ भरपूर. गुळाच्या ढेपेला कोल्हापूरकडे रवा म्हणतात, आणि आता एक-एक किलोचे रवेही मिळतात. मी म्हटलं, “हे बघ, सोम-मंगळवार सॅकमध्ये तीन रवे घालून जायचं. बुध-गुरुवार दीड. बाकी सगळं रोजचंच.”

भाचीने कपाळाला हात लावला, पण नेलं.

तिच्या सॅकमध्ये आधीच काय होतं तेही सांगते, म्हणजे कल्पना येईल. जेवणाचा डबा, लिटरभर पाणी, तीन वह्या, एक जाडजूड पुस्तक, छत्री, ओल्या कपड्यांसाठी पिशवी आणि हातात ड्रॉइंग शीटची नळी. सोमवारी सकाळच्या गाडीला मीही तिच्याबरोबर गेले. जुलै महिना, कडगावकडचा पाऊस. समोरचा डोंगर दिसत नव्हता. गाडी पाटगावच्या बाजूनेच भरून आलेली. बसायला जागा नाही. अशा गाडीत सॅक पाठीवर ठेवली, तर मागच्याला लागते. म्हणून ती पुढे पोटाशी घ्यायची, एका हाताने वरचा दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने नळी सांभाळायची. पाऊण तास. स्टँडवर उतरल्यावर कॉलेजपर्यंत चालणं. वर्गातून प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतून ग्रंथालयात. संध्याकाळी हेच सगळं उलट.

सोमवारी ती काही बोलली नाही. मंगळवारी सकाळी पोहे खाताना म्हणाली, “मामी, आज प्रॅक्टिकल नाही. आज ठेवून जाऊ का गूळ?”

वन्सं चुलीपाशी होत्या. त्या वळून म्हणाल्या, “बघा वहिनी, दुसऱ्याच दिशी घरात राहिला का न्हाई?”

खरं सांगायचं तर निकाल तिथेच लागला. बुधवारी, गुरुवारी दीड किलो घेऊन ती न कुरकुरता गेली. गुरुवारी सॅकमध्ये गूळ आहे हेच विसरली आणि दुपारी मैत्रिणींनी त्यातला थोडा फोडून खाल्ला. पण गोष्ट नुसत्या वजनाची नाही, हे वन्सांनी मला रात्री भाकऱ्या करताना समजावून सांगितलं. त्यांचं बोलणं माझ्या चांगलं लक्षात राहिलं आहे.

“मोठा आणला की तो टीव्हीशेजारी बसणार. पयल्यांदा म्हणतील, आज गाडीला गर्दी हाय, ठेवून जा. मग हा त्याच्यावर लग्नाचं कायबाय करत बसंल. हे रात्री पिक्चर बघतील. पावणं आलं की त्यांची पोरं गेम खेळतील. आन् हिला अभ्यासाला पायजे असंल, तवा हिनं मागायचा. घरात जे ऱ्हातंय, ते समद्यांचं हुतंय. माझ्या शिलाई मशीनचं तेच झालं.”

आपल्यापैकी कितीजणींच्या घरात अशी एक वस्तू आहे! लग्नात रुखवतात आलेला मिक्सर, माहेरून मिळालेला रेडिओ, स्वतःच्या पगारातून घेतलेला टेबलफॅन. कोणी हिसकावून घेत नाही; घर हळूहळू आपलं करून टाकतं, आणि त्यात वाईट वाटून घ्यावं असंही काही नसतं. पण शिकणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिची अर्धी राहिलेली ड्रॉइंगं, तिच्या नोंदी, तिचे नोकरीचे अर्ज त्यात असतात. तो तिच्याबरोबर घराबाहेर पडला आणि तिच्याबरोबरच परत आला, तरच तो तिचा राहतो. हलका लॅपटॉप घेण्याचं हे कारण मला कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं.

दुसरी गोष्ट विजेची. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत पावसाळ्यात झाड पडतं, तार तुटते, वीज जाते. तास-दोन तासांचं तर कुणी मोजतही नाही. शिवाय वर्ग कुठलाही असो, पन्नास मुलांना पन्नास प्लग नसतात. पातळ लॅपटॉपचं सारं बळ थोड्या विजेवर जास्त वेळ चालण्यात असतं. लिहिणं, वाचणं, साधं ड्रॉइंग असं काम असेल, तर सात-आठ तास निघतात. मोठ्या पडद्याचा, ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप बॅटरीवर तीन-चार तास, आणि जड काम लावलं तर त्याहूनही कमी चालतो. तो खरा प्लगजवळच खुलतो. पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलात राहणाऱ्या मुलाला हे जाणवणार नाही. कडगाव रस्त्यावरच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

राहिला भाच्याचा मुद्दा : सिव्हिलच्या अभ्यासाला मोठं मशीन लागतं का? हा घरात बसून वाद घालण्याचा प्रश्न नाही. शिकवणाऱ्यांना विचारण्याचा आहे. भाचीने आपल्या सरांना विचारलं. पदविकेत जी सपाट ड्रॉइंगं काढतात, घराचा आराखडा, पायाचा छेद वगैरे, ती ऑटोकॅडवर चांगल्या पातळ लॅपटॉपवरही व्यवस्थित होतात. मात्र मेमरी, म्हणजे रॅम, सोळा जीबी हवी. इमारतीचं उभं, फिरवून बघता येणारं चित्र आणि त्यावर रंग-उजेड चढवणं, हे जड काम. त्यासाठी प्रयोगशाळेतले संगणक असतात. ऑटोकॅड विकत घ्यायला फार महाग, पण विद्यार्थ्यांना कंपनी ते एका वर्षासाठी मोफत वापरू देते, आणि शिकत असेपर्यंत ती मुदत दर वर्षी वाढवून घेता येते. हे माहीत नसल्यामुळे कुणाकडून तरी चोरून उतरवलेली प्रत घेतात, आणि तिच्याबरोबर व्हायरसही घरी आणतात.

मग घेतला कुठला? पातळ. चौदा इंची, सोळा जीबी रॅमचा. चार्जर धरून एक किलो सहाशे पन्नास ग्रॅम. दुकानातच तोलून घेतला. दुकानदार हसला, पण त्याने काटा दिला.

आणि मोठ्या पडद्याचं काय? तर वन्सांच्या घरी बत्तीस इंची टीव्ही आहेच. एचडीएमआय नावाची एक वायर मिळते, काही शे रुपयांची. ती लॅपटॉपला आणि टीव्हीला जोडली, की लॅपटॉपवरचं सगळं टीव्हीवर दिसतं. भाचीने पहिल्याच रविवारी आपलं ड्रॉइंग टीव्हीवर लावून आई-वडिलांना दाखवलं. दोन खोल्यांच्या घराचा आराखडा होता. वन्सं बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “सैपाकघराला खिडकी एकच? धूर कुठनं जायाचा?” भाचीने तिथल्या तिथे दुसरी खिडकी काढली. लग्नाच्या जुन्या डीव्हीडीही बघायच्या होत्या. पातळ लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा कप्पा नसतो, आणि खरं म्हणजे हल्ली मोठ्यातही बहुधा नसतोच. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. एकदा तो कुणाकडून तरी मागून आणावा आणि सगळ्या डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवाव्यात. डीव्हीडी पावसाळ्यात बुरशी धरतात.

भाचा मात्र चार दिवस घुश्शात होता, हे लपवून ठेवत नाही. त्याचं नुकसान झालंच. त्याचं मिक्सिंगचं काम या लॅपटॉपवर रखडत होतं, आणि ते तसं होणार हे आम्हांला ठाऊक होतं. शेवटी त्याच्या वडिलांनीच त्याला सांगितलं, की तुझं मशीन तू वेगळं कर. आणि ते लॅपटॉप नको, टेबलावरचा संगणक असू दे. हा सल्ला योग्यच आहे. जे यंत्र घराबाहेर न्यायचंच नाही, ते लॅपटॉपच्या रूपात घेणं म्हणजे न उचलण्याच्या वस्तूला मूठ बसवण्याचे पैसे देणं. तेवढ्याच पैशांत टेबलावरचा संगणक जास्त ताकदीचा मिळतो, आणि पुढे एकेक भाग बदलताही येतो. या लग्नसराईच्या कमाईतून तो घ्यायचा त्याचा विचार आहे.

आपल्यापैकी अनेकींच्या घरी हा प्रश्न येईल किंवा येऊन गेला असेल. तेव्हा गारगोटीहून परत येताना मी जे टिपून आणलं, ते थोडक्यात देते.

पहिलं म्हणजे यंत्र बघण्याआधी वाट बघावी. लॅपटॉप वापरणारी व्यक्ती रोज किती चालते, कशाने जाते, उभं राहून जाते की बसून, हे आधी लिहून काढावं. रोज घराबाहेर न्यायचा असेल, तर चार्जरसकट वजन दोन किलोंच्या आत असावं. गुळाचा प्रयोग कुठल्याही घरात करता येतो. गूळ नसला तर साखर-तांदळाच्या पुड्या चालतील. एक दिवस करून भागत नाही. निदान चार दिवस करावा, कारण पहिल्या दिवशी सगळेच हौसेने नेतात.

दुसरं, कोणकोणत्या कामाला हवा, हे शिकवणाऱ्यांना किंवा कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावं. काही पातळ लॅपटॉपमध्ये मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर असतो; बॅटरी उत्तम चालते, पण इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअरं त्यावर चालत नाहीत. सॉफ्टवेअरचं नाव कागदावर लिहून न्यावं आणि ‘हे चालेल का’ असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं.

तिसरं, पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा आतच डाकून टाकलेली असते. नंतर वाढवता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच सोळा जीबी घ्यावी. मोठ्या लॅपटॉपमध्ये ती पुढे वाढवण्याची सोय पुष्कळदा असते, ही त्याची जमेची बाजू.

चौथं, मोठा लॅपटॉप कुणी घ्यावा? ज्याला व्हिडिओचं, चित्रांचं, त्रिमितीय आराखड्यांचं काम रोज आहे आणि तरीही सुट्टीत, बदलीत, हॉस्टेलवर यंत्र हलवावं लागतं, त्याने जरूर घ्यावा. ज्यांची नजर अधू झाली आहे आणि घरात टीव्ही किंवा वेगळा पडदा जोडण्याची सोय नाही, त्यांनीही घ्यावा. हौसेचा म्हणून घेतला तरी हरकत नाही. फक्त तो शिकणाऱ्या मुलीच्या नावावर घेऊ नये.

पाचवं पावसाचं. आमच्या सासूबाई शेतावर जाताना डोक्यावर इरलं घेत. सॅकलाही इरलं लागतं. वरून घालायचं प्लास्टिकचं आवरण मिळतं. ते घ्यावंच, आणि आत लॅपटॉप जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच सॅकमध्ये ठेवावा. ओल्या छत्रीची जागा सॅकच्या बाहेर. पाण्याच्या बाटलीचीही.

आणि सहावं, लॅपटॉपचा पासवर्ड जिचा लॅपटॉप, तिनेच ठेवावा. घरातल्यांनी विचारून वापरावा. वन्सांच्या घरी हा नियम वन्सांनीच घातला, आणि पहिल्यांदा विचारून वापरला तोही त्यांनीच, बचत गटाचा हिशेब मांडायला.

गारगोटीला कधी जाणं झालं, तर एक दिवस जास्त काढून जावं. भुदरगडचा किल्ला गावापासून जवळच आहे; वर भैरवनाथाचं देऊळ आहे, तलाव आहे, आणि सपाटी इतकी की चालण्याचा त्रास फारसा होत नाही. पाटगावला मौनी महाराजांचा मठ बघावा. ते आता ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. जंगलातला मध बाटल्यांत भरून मिळतो. पुढे रांगण्याचा किल्ला आहे, पण तो पावसाळ्यात नको. परतताना सकाळची गाडी धरलीत, तर कॉलेजची मुलं भेटतील. गर्दी असेल, उभं राहावं लागेल. एखादी मुलगी सॅक पोटाशी घेऊन उभी दिसली आणि आपल्याला बसायला जागा मिळालेली असली, तर ती सॅक मागून मांडीवर घ्यावी. त्या बाजूला बायका तसं करतात. आत काय आहे, ते वजनावरून आपल्याला कळेलच.